पहिल्या नोकरीचे घड्याळ

मागच्या महिन्यात मिरजेहून आपाचा फोन आला. तिच्या धाकट्या मुलाला हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरी लागली, अल्हम्दुलिल्लाह. मुबारकबाद देऊन-घेऊन झाली आणि मग ती मुद्द्यावर आली. "ऑफिसातून पत्र आलंय, कपडे 'बिझनेस कॅज्युअल' घालायचे म्हणून. ते काय असतं ते तूच बघ आता. आणि त्याला एक चांगलं घड्याळ घेऊन दे. भिशीचे बारा हजार येणार आहेत, सगळे लागले तरी चालतील. चारचौघांत पोर कमी दिसायला नको."

शेवटच्या वाक्याने मी गप्प झालो. मुलाला अजून खोलीचे डिपॉझिट भरायचे होते, अंगावर घालायला धड दोन फुल शर्ट नव्हते, आणि आई भिशी मोडायला निघाली होती ती मनगटासाठी. आपल्या घरांतून शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या पिढीच्या मुलांच्या आया असाच हिशेब करतात. त्यांना हसू नये. पण पैसे कुठे लागतील हे कुणीतरी त्यांच्याबरोबर बसून बघायला हवे, म्हणून या वेळचे हे सदर घड्याळावर.

आधी ते 'बिझनेस कॅज्युअल' काय ते सांगतो. सूट-टाय नको आणि जीन्स-टीशर्टही नको, मधले काहीतरी. कॉलरचा फुल शर्ट, साधी सुती पँट, चामड्याचे बूट किंवा लोफर, पट्टा त्याच रंगाच्या जवळपासचा. बऱ्याच ठिकाणी शुक्रवारी कुर्ताही चालतो. कपडे बेताचे असतात, म्हणून घड्याळही बेताचे हवे. चमकणारे नको, खेळाच्या मैदानावरचे वाटेल असे जाडजूडही नको. शर्टाच्या कफाखाली सरकेल आणि विचारले तर वेळ सांगेल, एवढेच त्याचे काम.

भाचा पुण्यात आला तो मोबाईलमध्ये घड्याळ निवडूनच आला होता. एका मोठ्या स्विस नावाची 'फर्स्ट कॉपी', किंमत अडीच हजार. तबकडी एवढी मोठी की वरण वाढता आले असते. "मामू, कुणाला कळत नाही," म्हणाला. मी म्हटले, "बेटा, लाखांतल्या वस्तू वापरणाऱ्याला लगेच कळते आणि बाकीच्यांना ते नावच माहीत नसते. मग तू हे दाखवणार कुणाला?" नकली मालाचा धंदा कायद्यात बसत नाही, ते एक. दुसरे, त्या तबकडीवरच्या तीन छोट्या तबकड्यांपैकी कितीतरी वेळा एकही चालत नसते, नुसती छापलेली असते. मागच्या झाकणावर 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेले असते, त्यालाही तेवढाच अर्थ. आणि खोटे नाव मनगटावर बांधून नव्या ऑफिसात पहिले पाऊल टाकायचे, हे मला तरी बरे वाटत नाही. तो थोडा हिरमुसला, पण वाद घातला नाही.

मग मी घरातली शिवणाची टेप काढली. मनगटाचा घेर मोजला, साडेसहा इंच. एवढ्या मनगटाला ३६ ते ३९ मिलिमीटर रुंदीचे घड्याळ शोभते. मनगट सात-साडेसात इंचांचे असेल तर ४० ते ४२ चालेल. पण नुसत्या रुंदीवर जाऊ नका. वर आणि खाली जिथे पट्टा अडकतो ते दोन कान मनगटाच्या कडेबाहेर जाता कामा नयेत, ही खरी कसोटी. ते बाहेर आले की घड्याळ थोरल्या भावाचे मागून आणल्यासारखे दिसते. जाडी दहा मिलिमीटरच्या आत असावी, नाहीतर कफ दर वेळी त्याच्यावर अडकतो आणि शर्टाची कडा महिन्याभरात काळी होते. दुकानात जाताना फुल शर्ट घालूनच जावे. भाचा टीशर्टवर निघाला होता, त्याला मी परत पाठवला.

आता पाण्याचे. दुकानदार याबद्दल आपल्याला काही विचारत नाही, आपणच विचारायचे. बाकीच्यांचे घड्याळ दिवसातून एखाद्या वेळी हात धुताना भिजत असेल. आपल्याकडे पाच वेळा वुजू आहे, आणि वुजूत कोपरापर्यंत हात धुवायचे म्हणजे मनगट सुटत नाही. घट्ट बांधलेल्या घड्याळाखाली पाणी पोहोचत नाही, म्हणून ते काढावे लागते किंवा निदान सरकवावे लागते. झाकणावर '३० मीटर' किंवा '३ एटीएम' लिहिलेले असते ते वाचून लोकांना वाटते, तीस मीटर खोल विहिरीत उतरता येईल. तसे नाही. तो आकडा स्थिर दाबाच्या चाचणीचा असतो. ३० मीटर म्हणजे शिंतोडे आणि पावसाची सर, एवढेच समजावे. रोज नळाखाली जाणार असेल तर ५० मीटर बघावे. १०० मीटर असेल तर पोहायलाही हरकत नाही.

तरी पाणी शिरते ते मागच्या झाकणाखालच्या रबरी कडीतून आणि चावीच्या बाजूने. तारीख बदलून चावी पूर्ण आत दाबायची राहिली की कितीही मीटरचे घड्याळ असो, पाणी सरळ आत जाते. हिवाळ्यात गीझरच्या कढत पाण्याने आंघोळ करताना घड्याळ काढून ठेवावे, उष्णतेने ती रबरी कडी लवकर कडक होते. काचेच्या आत धुके दिसले तर उन्हात वाळवत बसू नये. त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्यावे. एक दिवस थांबलात तर तबकडीवर डाग उमटतात, काट्यांना गंज धरतो.

पट्ट्याचा प्रश्नही यालाच लागून आहे. या कपड्यांवर चामड्याचा पट्टा सगळ्यांत देखणा दिसतो, मला स्वतःला तोच आवडतो. पण चामडे आणि पाणी यांचे जमत नाही. ओला पट्टा दिवसभर मनगटावर राहिला की वास येतो, आतून चुरगळतो, आणि कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात त्याला बुरशीही धरते. दर वेळी काढून ठेवायचा म्हटला तर बकलचे एकच भोक रोज ओढले जाऊन फाटते. त्यातून काढलेले घड्याळ नळावरच्या कट्ट्यावर ठेवायची सवय लागते. आमच्या मोहल्ल्याच्या मस्जिदीत महिन्यातून एकदा तरी नमाजनंतर आवाज येतो, "कुणाचे घड्याळ राहिले आहे का?" एकदा ते माझेच होते. तेव्हापासून घड्याळ काढले की आधी शर्टाच्या खिशात, मग नळ.

म्हणून भाच्यासाठी मी स्टीलची चेन धरली. ज्या चेनचे कडे दाबून उघडते आणि दुमडून मिटते ती एका हाताने निघते, पुसली की कोरडी. चेन दुकानातच मनगटाप्रमाणे कमी करून घ्यावी, चांगले दुकानदार त्याचे पैसे घेत नाहीत, आणि काढलेल्या कड्या डबीत जपून ठेवाव्यात, पुढे वजन वाढले की लागतात. घड्याळ आणि मनगट यांच्यात करंगळी जेमतेम जाईल एवढे सैल असू द्यावे. ज्यांना चामडेच हवे त्यांनी पट्ट्याची रुंदी १८ किंवा २० मिलिमीटरची बघून घ्यावी. हे माप सर्रास मिळते, त्यामुळे एक चेन आणि एक पट्टा घरी ठेवून बदलता येतात. पट्ट्याचा रंग बुटांच्या जवळपास असला की झाले, तंतोतंत जुळवत बसू नये.

रंगाचे थोडक्यात. पांढरी, रुपेरी, निळी किंवा काळी तबकडी सगळ्या शर्टांवर जाते. सोनेरी घड्याळाबद्दल पुरुष वाचक विचारतात. सोने पुरुषांना वर्ज्य हे घरोघरी ठाऊक आहे. बाजारातल्या कितीतरी सोनेरी घड्याळांत सोने नसते, टायटॅनियम नायट्राइडसारखा लेप असतो. पण काहींवर खऱ्या सोन्याचा मुलामा असतो, तेव्हा दुकानदाराला स्पष्ट विचारावे आणि मसला आपल्या आलिमांना. मला तर साध्या स्टीलमध्ये हा प्रश्नच उरत नाही हे सोयीचे वाटते. काच नीलमणी काचेची, म्हणजे ज्याला सफायर म्हणतात तशी मिळाली तर उत्तम, तिच्यावर ओरखडा सहसा उठत नाही. बजेटात बसत नसेल तर मिनरल काच चालते.

आत यंत्र कोणते? सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळात स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, त्यावरून वेळ मोजली जाते. महिन्याला पंधरा-वीस सेकंदांहून जास्त फरक पडत नाही. हाताच्या हालचालीवर चालणारे ऑटोमॅटिक घड्याळ दिवसालाच वीस-तीस सेकंद पुढे-मागे जाऊ शकते, आणि शनिवार-रविवार काढून ठेवले की साधारण चाळीस तासांत थांबते. शौक असेल तर जरूर घ्यावे. पहिल्या नोकरीला, कंपनीची बस पकडायची असताना, क्वार्ट्झच.

हे मी बोलत होतो तेव्हा भाच्याने बॅगेतून एक रुमालाची पुरचुंडी काढली. त्यात मेव्हण्यांचे घड्याळ होते, एचएमटी जनता. बेंगळुरूच्या ज्या सरकारी कारखान्याने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने घड्याळे बनवायला सुरुवात केली, त्याचे हे सर्वांत साधे घड्याळ. सतरा ज्वेल, रोज चावी द्यायची. नवरदेवाला सासरहून एचएमटी मिळायचे तो जमाना आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. २०१६ मध्ये सरकारने ती कंपनी बंद करायचे ठरवले. मेव्हण्यांनी हे घड्याळ एस.टी.च्या नोकरीत तीस वर्षे घातले, फजरनंतर चहाच्या आधी चावी द्यायची आणि वुजूला बसताना खिशात टाकायचे. "अब्बांनी दिलंय," भाचा म्हणाला, "पण मामू, हे ऑफिसात कसं घालू? जुनं दिसतं."

मी ते हातात घेतले. पस्तीस मिलिमीटरच्या आसपासचे, पातळ, पांढरी तबकडी, साधे आकडे. मघापासून मी जे जे सांगत होतो ते सगळे त्यात होते. काच ओरखड्यांनी आंधळी झाली होती, पट्टा तुटका होता. पाणी मात्र त्याला अजिबात चालणार नाही. आम्ही ते कॅम्पातल्या एका जुन्या दुरुस्तीवाल्या चाचांकडे नेले. त्यांनी झाकण उघडून भिंग लावले, म्हणाले, "मशीन चोख आहे, तेल सुकलंय." साफसफाई, नवी काच आणि तपकिरी चामड्याचा पट्टा मिळून हजाराच्या आत काम झाले. तबकडी नवी रंगवून देऊ का असेही त्यांनी विचारले. मी नको म्हटले. रंगवलेली जुनी तबकडी ओळखू येते आणि घड्याळाची सगळी शान जाते.

रोजच्यासाठी मग ३८ मिलिमीटरचे, निळ्या तबकडीचे, ५० मीटरचे, स्टीलच्या चेनचे क्वार्ट्झ घड्याळ घेतले. भारतीय बनावटीचे, तीन हजार चारशेला. बिलावर मॉडेल नंबर आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का व तारीख घातलेली बघूनच पैसे दिले. शिक्का नसलेले कार्ड पुढे कुणी विचारत नाही. सेल दोन-तीन वर्षे चालतो. तो बदलताना रस्त्यावरच्या टपरीवर झाकण उचकटून घेऊ नये, सेलबरोबर ती रबरी कडीही बघायला सांगावी. संपलेला सेल आत ठेवू नये, तो पाझरतो.

भाचीचाही लगेच मेसेज आला, "मामू, मला विसरलात?" ती सांगलीत एका बँकेत आहे, स्मार्टवॉच वापरते. मी त्याच्या विरोधात नाही, चालणे मोजायला आणि नमाजच्या वेळा बघायला सोयीचेच आहे. पण मिटिंगमध्ये समोरचा बोलत असताना मनगट उजळले आणि नजर खाली गेली की त्याला वाटते, हिला घाई आहे. नमाजच्या सफमध्ये शेजाऱ्याचे मनगट थरथरते तेव्हा काय होते हे आपण सगळेच अनुभवतो. ऑफिसात आणि नमाजला जाताना सूचना बंद ठेवाव्यात. साधे घड्याळ घ्यायचे तर मुलींसाठी २८ ते ३२ मिलिमीटर, आणि बांगड्या असलेल्या हातात नको, काच आणि बांगड्या दोन्हींचे नुकसान. फुल बाह्यांच्या कुर्त्यावर पातळ घड्याळच बाहीखाली राहते.

भिशीतले उरलेले पैसे डिपॉझिट, दोन शर्ट आणि बूट यांत गेले. आपाला हिशेब सांगितला तर म्हणाली, "एवढ्यात झालं?" तिला अजून खात्री वाटत नाही, ऑफिसात त्याला काय म्हणतात ते विचारून घे म्हणून दोनदा फोन करून झाला. मी भाच्याला विचारले. स्टीलच्या घड्याळाबद्दल कुणीही काही बोलले नव्हते. शुक्रवारी तो कुर्त्यावर अब्बांचे एचएमटी घालून गेला, तेव्हा शेजारच्या टेबलावरचे एक वयस्कर साहेब उठून आले आणि म्हणाले, माझ्या वडिलांकडेही हेच होते, जरा बघू दे. आता भाच्याने मेव्हण्यांना फोन करून विचारले आहे, चावी किती वेळा फिरवायची.