हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

दानाची कसोटी साधी आहे: देणाऱ्याच्या गाठीचे काही तरी कमी झाले पाहिजे. अमेरिकेतील अनेक राज्यांत पाव शतकापासून चालत आलेल्या शिष्यवृत्ती निधीच्या योजना या कसोटीस उतरत नाहीत. कंपनीने खासगी शाळांच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेस देणगी द्यावी आणि राज्याने ती रक्कम कंपनीच्या देय करातूनच वजा करावी, असे त्यांचे स्वरूप आहे. पेनसिल्व्हेनियाच्या २००१ च्या कायद्यान्वये अशी वजावट देणगीच्या ७५ टक्के, आणि दोन वर्षांची हमी दिल्यास ९० टक्के मिळते. त्याच वर्षी फ्लॉरिडाने तर पूर्ण १०० टक्के वजावट दिली.

आपल्याकडील सवलतीशी तुलना केली म्हणजे यातील मेख ध्यानात येते. आपल्याकडे सामान्यतः निम्मी देणगी करपात्र उत्पन्नातून वजा होते. ३० टक्के दराने कर भरणाऱ्या कंपनीने १०० रुपये दिले, तर, अधिभार सोडता, तिचे १५ रुपये वाचतात. ८५ रुपये तिच्याच खिशातून जातात. फ्लॉरिडातील कंपनीच्या खिशातून काहीच जात नाही. पैसा जनतेचा, दातृत्वाचा लौकिक मात्र कंपनीचा!

मग राज्याने ही शिष्यवृत्ती सरळ अंदाजपत्रकातून का देऊ नये? कारण तो मार्ग राज्यघटनांनी अडवलेला होता. सार्वजनिक पैसा खासगी शाळांकडे वळवणारी फ्लॉरिडाची दुसरी एक योजना त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये घटनाबाह्य ठरवली. करवजावटीची योजना मात्र टिकली. ॲरिझोनातील व्यक्तिगत करदात्यांसाठीच्या अशाच योजनेविषयी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने निर्णय दिला, की हा पैसा तिजोरीत आलेलाच नसल्याने त्याविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार करदात्यास नाही. अर्थशास्त्राला हा भेद मान्य होण्यासारखा नाही. सोडून दिलेला कर आणि केलेला खर्च यांचा तिजोरीवरील भार एकच असतो. लोकप्रतिनिधींची देखरेख मात्र दुसऱ्यावरच राहते.

देखरेख सुटली म्हणजे काय होते, हेही फ्लॉरिडाने दाखवले. आरंभी वजावटीची एकूण मर्यादा ५ कोटी डॉलर होती. मर्यादेचा ९० टक्के वापर झाला की पुढील वर्षी ती आपोआप २५ टक्क्यांनी वाढावी, अशी तरतूद २०१० मध्ये झाली. सरकारी शाळेच्या गळक्या छपरासाठी दरवर्षी विधिमंडळात झगडावे लागते. या वाढीला मतदानाचीही गरज उरली नाही. पुढे २०२३ मध्ये शिष्यवृत्तीसाठीची उत्पन्नाची अटही निघाली. गरिबांना अग्रक्रम राहिला, पण गरिबांच्या नावाने उघडलेले दार सधनांनाही खुले झाले.

या योजनेतून शिकलेल्या गरीब मुलांचा लाभ खोटा आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मोडकळीस आलेल्या शाळेतून आपले मूल काढू पाहणारी आई तत्त्वचर्चेसाठी थांबू शकत नाही, आणि तिने थांबावे अशी अपेक्षा समाजवाद्यांनी करूही नये. परंतु तिच्या मुलाला जे मिळाले ते हक्क म्हणून मिळाले, की कंपनीने निवडलेल्या संस्थेची कृपा म्हणून, हा प्रश्न उरतोच. शिवाय तिच्या शेजारचे जे मूल सरकारी शाळेतच राहिले, त्याच्या वाट्याच्या महसुलाचे काय?

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी हेच विचारले होते: कर रयतेच्या घामाचा, मग त्यातून शिकते कोण, आणि ते ठरवते कोण? २०२५ मध्ये अमेरिकेच्या संघराज्य सरकारने व्यक्तिगत करदात्यांसाठी १,७०० डॉलरपर्यंतच्या देणगीवर पूर्ण करवजावटीचा कायदा केला. त्याचा अंमल २०२७ पासून व्हावयाचा आहे. असल्या योजनांचे अनुकरण आपल्याकडे करण्याची मागणी उद्या झाल्यास उत्तर तयार हवे. शिष्यवृत्ती अवश्य द्यावी, सढळ हाताने द्यावी. पण ती अंदाजपत्रकात मांडून, सभागृहाच्या संमतीने आणि हिशेबासह. कंपन्यांना दान करावयाचे असेल, तर त्यांनी आधी कर भरावा आणि मग उरलेल्यातून द्यावे.