रीतसर, पण उलट्या क्रमानं

सरकारी मराठीतला सगळ्यात लबाड शब्द ‘रीतसर’ आहे. ‘क्रमाने’, ‘क्रमवार’, ‘यथाक्रम’, ‘ओळीने’ या शब्दांच्या रांगेत आपण त्यालाही उभं करतो आणि तिथेच फसतो. ‘यथाक्रम’ म्हणजे आधीचं आधी, नंतरचं नंतर. ‘रीतसर’ फक्त एवढंच सांगतो की सगळे कागद आहेत. कुठला कागद आधी झाला, हे तो सांगत नाही.

(‘अनुक्रमे’ची गत आणखी वाईट. त्याला दोन याद्या लागतात. ‘तिघे अनुक्रमे आले’ हे मराठी नाही, पण ते एक असो.)

कुरखेडा-कोरचीच्या जंगलात हा फरक व्याकरणापुरता राहत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यातलं कलम 6 म्हणजे सरळ एक क्रम आहे. दाव्याची सुरुवात ग्रामसभा करते, मग उपविभागीय समिती तपासते, शेवटी जिल्हा समिती निर्णय देते. याच क्रमानं जाऊन शेजारच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. त्याच वर्षी 3 ऑगस्टला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं परिपत्रक काढलं की वनजमीन खाणीला किंवा धरणाला मागायची असेल, तर हक्कांची प्रक्रिया पूर्ण झाल्याचे पुरावे आणि ग्रामसभेची संमती प्रस्तावासोबत हवी. म्हणजे आधी गाव, मग दिल्ली. 2013 मध्ये नियमगिरीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानंही प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला लावला, आणि ओडिशातल्या त्या बाराही ग्रामसभांनी नकार दिला.

मग 2022 चे वन संरक्षण नियम आले. आता केंद्र अंतिम मंजुरी आधी देऊ शकतं, वनहक्कांची पूर्तता राज्यानं नंतर बघायची. राष्ट्रीय अनुसूचित जनजाती आयोगानं त्याच वर्षी आक्षेप घेतला. सरकारचं उत्तर असं की वनहक्क कायदा रद्द कुठे केलाय? पूर्तता तर होणारच आहे.

होणार, पण कधी? दिल्लीची मोहोर उमटलेली, कंपनीनं पैसे भरलेले, आणि मग गावाला विचारायचं, ‘तुमचं काय म्हणणं?’ याला आपल्याकडे वरातीमागून घोडं म्हणतात. शेवटी विचारलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणता येतं, पण तोवर तो ‘विकासाला आडवा येणारा’ झालेला असतो. सुरुवातीलाच विचारलं असतं तर तोच माणूस मालक म्हणून बोलला असता. कोरची तालुक्यात झेंडेपारच्या लोहखनिजाला विरोध करणाऱ्या ग्रामसभांना हा फरक शब्दकोशातून शिकावा लागला नाही.

तेव्हा फोनवर पुढच्या वेळी ‘रीतसर परवानगी’ अशी बातमी दिसली, तर दोनच तारखा शोधा. ग्रामसभेच्या ठरावाची आणि मंजुरीच्या पत्राची. ठरावाला निम्मे सभासद हजर होते का, त्यात एक तृतीयांश बाया होत्या का, हेही बघा. ठरावाची तारीख नंतरची निघाली, तर खाली कमेंटमध्ये ‘रीतसर’ खोडून ‘उलट्या क्रमानं’ असं लिहा.