शंभर रुपयांची भरपाई आणि पावणेदोनशे वर्षांची टोलवाटोलवी

१/
२२ जानेवारी २०२०. अहमदाबादहून मुंबई सेंट्रलकडे येणारी तेजस एक्सप्रेस भाईंदर-दहिसरदरम्यानच्या बिघाडात अडकली आणि सुमारे दीड तास उशिरा पोहोचली. तिच्या नियमित फेऱ्या सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. सहाशेहून अधिक प्रवाशांना प्रत्येकी १०० रुपये भरपाई जाहीर झाली आणि त्याची मोठी बातमी झाली. ही भरपाई पुढे कुठे गेली, हे समजण्यासाठी मात्र १८४९ पर्यंत मागे जावे लागते.

२/
आधी या गाडीचे स्वरूप पाहू. रूळ, सिग्नल, विजेच्या तारा, चालक आणि गार्ड रेल्वेचे. भाडे ठरवणे, तिकीटविक्री, खानपान आणि डब्यातील सेवा आयआरसीटीसीकडे. त्यातील बरीच कामे पुन्हा कंत्राटदारांकडे. आयआरसीटीसी ही १९९९ साली स्थापन झालेली रेल्वेचीच कंपनी. तिचे समभाग ऑक्टोबर २०१९ मध्ये बाजारात आले. गाडी वाहून नेण्याबद्दल ती रेल्वेला आकार देते. ‘देशातील खासगी गाडी’ म्हणून जिचा गाजावाजा झाला, ती मालकीने सरकारी आणि व्यवहाराने कंत्राटी आहे.

३/
त्या दिवशी बिघाड झाला पश्चिम रेल्वेच्या हद्दीत. भरपाई जाहीर केली आयआरसीटीसीने. रक्कम मिळायची विमा कंपनीमार्फत, तीही प्रवाशाने स्वतः दावा केल्यास. त्याच बिघाडात लोकलमध्ये खोळंबलेल्या बोरिवली-अंधेरीच्या पासधारकाला काहीच नाही. एका मार्गावरील एकाच बिघाडाचे दोन प्रवाशांसाठी दोन न्याय झाले. बिघाड ज्याच्या मार्गावर झाला, त्याने मात्र कोणालाच उत्तर दिले नाही.

४/
ही व्यवस्था नवी नाही. १७ ऑगस्ट १८४९ रोजी ईस्ट इंडिया कंपनी आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे यांच्यात करार झाला. जीआयपीला ९९ वर्षांसाठी जमीन मोफत आणि भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी मिळाली. नफा कमी पडला तर तूट सरकारी तिजोरीतून, म्हणजे शेवटी रयतेच्या करातून भरली जाणार होती. भागधारक लंडनला, तूट भरणारा हिंदुस्थानात.

५/
या हमीवर १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर-ठाणे गाडी धावली. आजचे घाटकोपर आणि मुलुंड याच मार्गावर आहेत. पश्चिमेला बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया कंपनीचा, म्हणजे बीबीसीआयचा मार्ग १८६४ मध्ये गुजरातकडून ग्रँट रोडपर्यंत आला. अंधेरी-बोरिवली त्या बाजूला. मुंबईच्या उपनगरांची दोन्ही अंगे कंपन्यांच्या रुळांभोवती वाढली. या कंपन्यांनी अभियांत्रिकीचे मोठे काम केले, हे नाकारण्याचे कारण नाही. बोरघाट आणि थळघाट चढवणे ही सामान्य गोष्ट नव्हती. प्रश्न वेगळा आहे. ज्याला व्याजाची हमी आहे, त्याला प्रवाशाच्या नाराजीची भीती कशाला वाटावी?

६/
त्याचे उत्तर डब्यांत दिसते. १८७४ साली जीआयपीने चौथा वर्ग काढला. त्या डब्यांत बसायला बाकच नव्हते. माणसांनी उभ्याने किंवा जमिनीवर बसून प्रवास करायचा. टीका झाल्यावर पुढे बाके आली आणि त्याच वर्गाला तिसरा वर्ग म्हटले जाऊ लागले. प्रवासी वाहतुकीच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा याच खालच्या वर्गाच्या तिकिटांतून येई. सर्वांत जास्त पैसे देणारा समूह सर्वांत कमी सोयीत बसत असे.

७/
१९१७ साली महात्मा गांधींनी मुंबई ते मद्रास प्रवास तिसऱ्या वर्गातून केला आणि त्याचा वृत्तांत जाहीर पत्राद्वारे मांडला. २२ प्रवाशांसाठीच्या डब्यात बराच वेळ किमान ३५ माणसे होती. घाण, झोपेचे हाल आणि स्टेशनांवरील निकृष्ट खाणेपिणे यांचे तपशील त्यांनी दिले. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटींहून अधिक असले, तरी सोयींतील तफावत त्याहून कितीतरी मोठी आहे, हा त्यांचा मुद्दा होता. गाऱ्हाणे आकडे आणि हिशेब घेऊन आले की ते फेटाळणे अवघड होते, याचा तो धडा.

८/
आता या इतिहासातील सर्वांत बोलका टप्पा. १९०० साली सरकारने जीआयपी विकत घेतली, पण चालवायला पुन्हा त्याच कंपनीकडे दिली. पुढची २५ वर्षे रूळ सरकारचे आणि कारभार कंपनीचा राहिला. तक्रार घेऊन जाणाऱ्याला मुंबईतील अधिकारी लंडनच्या संचालक मंडळाकडे बोट दाखवू शकत होता आणि मंडळ कराराकडे. तेजसच्या रचनेशी असलेले हे साम्य ओढूनताणून आणलेले नाही.

९/
१९२०-२१ मध्ये ॲक्वर्थ समितीने या द्विदल कारभाराची तपासणी केली. समितीत मतभेद होते. अध्यक्ष विल्यम ॲक्वर्थ यांच्या गटाने थेट सरकारी व्यवस्थापनाची बाजू घेतली. प्रवाशांचे म्हणणे ऐकण्यासाठी सल्लागार समित्या असाव्यात, ही सूचनाही त्याच अहवालातली. १ जुलै १९२५ रोजी जीआयपी सरकारी व्यवस्थापनाखाली आली, १९४२ मध्ये बीबीसीआय. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी त्यांतून मध्य आणि पश्चिम रेल्वे उभ्या राहिल्या.

१०/
यावर आक्षेप ठरलेला असतो : सरकारी रेल्वेने तरी कोणते दिवे लावले? आक्षेप रास्त आहे. गर्दी, उशीर, अस्वच्छता यांची गाऱ्हाणी १९२५ नंतरही संपली नाहीत. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार तास उशिरा पोहोचलेल्या गाडीच्या प्रवाशाला ३०,००० रुपये भरपाई कायम केली आणि उशीर अटळ होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी रेल्वेची, असे ठरवले. दोष सरकारी कारभारातही आहे. परंतु तिथे दाद मागायला एक पत्ता तरी आहे.

११/
दुसरा दावा असा की वेग आणि आराम हवा असेल तर खासगीकरणाला पर्याय नाही. ३० सप्टेंबर २०२२ रोजी मुंबई सेंट्रल-गांधीनगर वंदे भारत सुरू झाली. ती रेल्वेचीच गाडी. चेन्नईच्या सरकारी कारखान्यात बांधलेली. मुंबई-अहमदाबाद अंतर ती तेजसपेक्षा सुमारे एक तास कमी वेळात कापते. वेगासाठी चांगले रूळ आणि चांगले डबे लागतात. तिकिटावर कोणाचे नाव छापले आहे, याने गाडी वेगाने धावत नाही.

१२/
१ जुलै २०२० रोजी रेल्वेने याहून मोठा बेत जाहीर केला : १०९ मार्ग-जोड्या, १५१ खासगी गाड्या, ३५ वर्षांची सवलत, भाडे ठरवण्याची मुभा आणि ३०,००० कोटींची अपेक्षित गुंतवणूक. १२ समूहांपैकी दोन मुंबईचे होते. वर्षभराने निविदा उघडल्या तेव्हा बोली लावणारे दोनच निघाले आणि त्यांतील एक खुद्द आयआरसीटीसी. योजना गुंडाळावी लागली. हमी नसली की भांडवल किती उत्साही असते, हे त्यातून दिसले.

१३/
आता त्या शंभर रुपयांकडे येऊ. तासाहून अधिक उशिराला १०० आणि दोन तासांहून अधिक उशिराला २५० रुपये, अशी ती योजना होती. तिकीट हजाराच्या वरचे. ज्येष्ठांना किंवा इतर कोणाला सवलत नाही. माहिती अधिकारातील उत्तरानुसार, ऑक्टोबर २०१९ पासून दोन्ही तेजस गाड्यांच्या प्रवाशांना मिळून सुमारे २६ लाख रुपये दिले गेले. त्यातले १५.६५ लाख एकट्या २०२३-२४ मधले. १५ फेब्रुवारी २०२४ पासून योजना बंद झाली. कारण सांगण्यास गोपनीयतेच्या नावाखाली नकार देण्यात आला.

१४/
भरपाईचा आकडा वाढला, त्याच वर्षी योजना संपली. गाड्या मात्र सुरू राहिल्या आणि त्यांची भाडीही. म्हणजे प्रवाशाला जे मिळत होते, तो त्याचा हक्क नव्हता. कंपनीच्या मर्जीने सुरू झालेली आणि मर्जीने संपलेली ती सवलत होती. आणि सर्वसाधारण नियम काय? गाडी तीन तासांहून अधिक उशिरा असेल तर प्रवास रद्द करणाऱ्याला पूर्ण परतावा. जो ताटकळत बसून उशिरा पोहोचतो, त्याच्या हाती काहीच नाही.

१५/
ज्या देशातून जीआयपी आली, त्या ब्रिटनने १९९० च्या दशकात आपली रेल्वे खासगी कंपन्यांना दिली. २०२४ मध्ये तिथल्या संसदेने प्रवासी सेवा पुन्हा सार्वजनिक मालकीत आणण्याचा कायदा केला आणि मे २०२५ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. तिथे उशिराची भरपाई भाड्याच्या प्रमाणात ठरते : साधारणतः अर्ध्या तासाला एकेरी भाड्याचा निम्मा भाग, तासाभराला पूर्ण भाडे. मालक बदलला म्हणून प्रवाशाची भरपाई बुडत नाही.

१६/
वाद ‘सरकारी की खासगी’ एवढ्यावर थांबवणे कंपनीच्याही सोयीचे आहे आणि रेल्वेच्याही. मागणी साधी आहे. उशिराची भरपाई नियमाने बांधलेली असावी, भाड्याच्या प्रमाणात असावी, दावा न करता खात्यात जमा व्हावी आणि ती देण्याचे उत्तरदायित्व रुळांच्या मालकाचे असावे. कंत्राटदाराकडून वसूल करायचे ते त्याने नंतर करावे. बोरिवलीच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाने तिकीट एकच काढलेले असते. त्याला उत्तर देणाराही एकच असला पाहिजे.