गाणे ऐकू येते, मग बोलणे का नाही?

पिरंगुट, पौड ओलांडून मुळशी धरणाच्या बाजूला गेले, की पुण्यातून निवृत्त होऊन आलेल्या मंडळींची टुमदार घरे दिसू लागतात. शहरातली जागा मुलांच्या हाती सोपवून इकडे येताना अनेकांनी एक खोके आवर्जून आणलेले असते. त्यात तबकड्या, कॅसेटी आणि खटपट करून दुरुस्त करून घेतलेला रेकॉर्ड प्लेअर. मुळशीचा पाऊस या खोक्याचा वैरी. जुलै-ऑगस्टमध्ये वेष्टनांवर पांढरी बुरशी चढते आणि फिती चिकटतात. तरीही माणसे पुसून, वाळवून हा ठेवा जपतात. शेजारी काय म्हणतील याचा विचार न करता इथे मोकळ्या आवाजात गाणे लावता येते. छंद उत्तमच आहे. मात्र त्याच्या आडोशाने घरात एक गैरसमज वाढत राहतो.

‘बाबांना ऐकू येत नाही? छे! बालगंधर्वांची हरकत न् हरकत त्यांना कळते. आपण बोललेलं तेवढं बरं ऐकू येत नाही!’ घरोघरी ऐकू येणारे हे वाक्य. त्यात थट्टा असते, थोडा रागही असतो. म्हातारा माणूस सोयीस्कर बहिरा आहे, असा त्याचा अर्थ. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो.

निरोगी तरुण कानाला सेकंदाला २० ते २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात. वय वाढते तशा कानाच्या आतल्या शंखातील सूक्ष्म केसपेशी मरत जातात आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. सर्वांत आधी बारीक, जलद कंपनांचे आवाज जातात. आपल्या बोलण्यातले ‘आ’, ‘ओ’सारखे स्वर खालच्या टप्प्यात आणि जोरकस असतात, ते शाबूत राहतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांचा मोठा भाग ४,००० कंपनांच्या आसपास आणि त्याही वर असतो, तो हरवतो. मग ‘सात’, ‘हात’ आणि ‘खात’ यांत फरकच उरत नाही. कोणीतरी बोलतेय हे कळते, काय बोलतेय ते कळत नाही.

आता जुन्या तबकडीकडे वळू. गौहर जान यांचे गाणे १९०२ मध्ये कलकत्त्यात मुद्रित झाले ते कर्ण्यात तोंड घालून. मायक्रोफोनने मुद्रण १९२५ च्या सुमारास सुरू झाले. बालगंधर्वांच्या सुरुवातीच्या तबकड्याही कर्ण्याच्याच काळातल्या. त्या पद्धतीत सेकंदाला अडीच-तीन हजार कंपनांपलीकडचे फारसे काही उमटतच नसे. म्हणजे म्हाताऱ्या कानाने जे गमावले, ते त्या तबकडीत मुळातच नाही! ती त्याला पूर्ण आणि स्वच्छ वाटते ती यामुळे. नंतरच्या एलपी आणि कॅसेटींमध्ये वरचे आवाज असतात, पण गाण्याचा गाभा खालच्या टप्प्यातच असतो. शिवाय पन्नास वर्षे पाठ असलेल्या गाण्यातली गाळलेली जागा मेंदू आपणच भरून काढतो. नातीच्या बोलण्यात ती सोय नाही. ती आज काय सांगणार, हे आजोबांना आधी ठाऊक नसते.

म्हणून गाणे ऐकू येते हा कान ठणठणीत असल्याचा दाखला मानू नये. उलट ही जुनी यंत्रेच काही इशारे देतात. कॅसेट सुरू होताच नातवाला ‘स्स्स’ असा आवाज येतो आणि आजोबा विचारतात, ‘कुठला आवाज?’ तबकडीची खरखर हल्ली कमी झाली, असे वाटू लागते. सुई बदलली तरी गाणे मिटमिटीतच वाटते. अॅम्प्लिफायरचे ट्रेबलचे बटण शेवटपर्यंत फिरवलेले असते. घरच्यांनी एकदा ते बटण पाहून यावे.

आवाज वाढवत नेणे हा उपाय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचे ध्वनी आठवड्याला ४० तास चालतात, ९० डेसिबलचे मात्र फक्त चार तास. त्यापुढे उरलेल्या केसपेशीही धोक्यात येतात.

मुळशीसारख्या ठिकाणी हा दोष शहरापेक्षा उशिरा लक्षात येतो. बोलायला माणसे थोडी, पावसाळ्यात पत्र्यावरचा ताशा, मुलांशी गाठ फोनवर. फोनवर कळेनासे झाले की माणूस ‘हो, हो’ म्हणतो आणि लवकर ठेवून देतो. हळूहळू बोलणेच आटते. ‘लॅन्सेट’च्या स्मृतिभ्रंशविषयक आयोगाने २०२४ मध्ये आटोक्यात आणता येण्याजोग्या १४ जोखमी मांडल्या, त्यांत श्रवणदोष आहे. ऐकू न येणाऱ्या प्रत्येकाला विसराळूपणा गाठतो असे मुळीच नाही, पण ‘वयच झालं आता’ म्हणून सोडून देण्याइतकी ही गोष्ट किरकोळही नाही.

आधी कानात मळ साठला आहे का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे. तेल किंवा काडी घालू नये. एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासे झाले तर वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण उपचाराचे दिवस मोजके असतात. एरवी श्रवणचाचणी, म्हणजे ऑडिओमेट्री, करून घ्यावी. तिला सुई लागत नाही, दुखत नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत, पुण्यात ससूनमध्ये, कान-नाक-घसा विभाग आहे. अल्प उत्पन्न गटातील ज्येष्ठांना केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकते.

गाण्याच्या शौकिनांची श्रवणयंत्रे अनेकदा खणात पडून राहतात, आणि त्यामागची तक्रार खरी असते. यंत्र बोलण्यासाठी जुळवलेले असते. पेटीचा किंवा तंबोऱ्याचा लांब सूर त्याला स्वतःचीच शिट्टी वाटते आणि ते तो दाबू पाहते, त्यामुळे सूर थरथरतो. यावर उपाय आहे. आजच्या अनेक यंत्रांत संगीतासाठी वेगळी जुळणी ठेवता येते, पण मागितल्याशिवाय ती क्वचितच करून मिळते. जुळणीच्या दिवशी रोजच्या ऐकण्यातले एक गाणे मोबाइलवर घेऊन जावे आणि ते यंत्र लावून तिथेच ऐकावे. बरोबर नातीलाही न्यावे, आणि तिला चार वाक्ये बोलायला सांगावे.