नसांच्या नावाने नसांचा घात

पुण्यातल्या कोणत्याही पेठेत संध्याकाळी मेडिकलच्या काउंटरपाशी अर्धा तास उभे राहा. साठीतले गृहस्थ येतात, म्हणतात, "पायाला मुंग्या येतात हो, काहीतरी द्या." पलीकडून एकही प्रश्न येत नाही. शुगर आहे का, कधीपासून त्रास आहे, दुसरे काय चालू आहे, काहीही नाही. कात्रीने पट्टी कापली जाते, "ही नसांची, रोज एक, आणि हे ताकदीचं, जेवणानंतर" एवढे सांगून पैसे घेतले जातात. गोळी कधी थांबवायची हे विकणारा सांगत नाही, घेणाराही विचारत नाही. वर्षानुवर्षे ती चालूच राहते.

ही लोकांच्या शरीराशी चाललेली बेपर्वाई आहे. ती औषध कंपन्या, दुकानदार, डॉक्टर आणि सरकारी खाते या सगळ्यांनी मिळून चालवली आहे, असा आमचा उघड आरोप आहे.

या नसांच्या गोळ्यांत, ताकदीच्या इंजेक्शनांत, मल्टिव्हिटॅमिनच्या डब्यांत ब-६ म्हणजे पायरिडॉक्सिन असते. प्रौढ माणसाला ते दिवसाला दोन-तीन मिलिग्रॅम पुरते. ब गटातली जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात, जास्त झाली तर लघवीवाटे निघून जातात, अपाय होत नाही, असे आजवर छातीठोकपणे सांगितले गेले. ब-६ च्या बाबतीत हे साफ खोटे आहे आणि ते खोटे असल्याचे १९८३ पासून जगाला ठाऊक आहे. त्या वर्षी शॉमबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये सात रुग्णांची हकिगत छापली. ही माणसे ब-६ ग्रॅमच्या मापाने घेत होती आणि त्यांच्या संवेदना वाहणाऱ्या नसा निकामी झाल्या होत्या. दोनच वर्षांनी दुसऱ्या संशोधकांना दिवसाला २०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांतही तोच विकार सापडला. तेव्हापासून सुरक्षित मर्यादा खाली खालीच येत आहे. अमेरिकेने १९९८ मध्ये ती १०० मिलिग्रॅम ठरवली. युरोपने आधी २५ आणि २०२३ मध्ये थेट १२ वर आणली. ऑस्ट्रेलियात दिवसाला १० मिलिग्रॅमहून जास्त ब-६ देणाऱ्या डब्यांवर नसांच्या धोक्याचा इशारा छापावा लागतो.

हा विकार माणसाचे काय करतो ते ऐका. आधी तळपाय बधिर होतात, मग हाताची बोटे. चप्पल पायातून निसटते आणि दहा पावले चालून गेल्यावर कळते. शर्टाचे बटण बोटांना सापडत नाही. बेसिनपाशी तोंडावर पाणी मारायला डोळे मिटले की तोल जातो, कारण पाय कुठे टेकले आहेत हे मेंदूला कळवणाऱ्या पेशीच जायबंदी झालेल्या असतात. या पेशी मणक्यालगतच्या गाठींत असतात आणि रक्तातल्या विषापासून नसांना मिळणारे संरक्षण तिथे तोकडे पडते. स्नायूंची ताकद शाबूत असते, म्हणून बरेच दिवस घरच्यांना वाटते की वयामुळे धडपडतात.

सगळ्यात भयंकर गोष्ट पुढे आहे. ब-६ च्या अतिरेकाचे पहिले लक्षण मुंग्या हेच आहे! मुंग्या येतात म्हणून गोळी सुरू झाली. आता गोळीमुळे मुंग्या वाढल्या. म्हणून गोळी दुप्पट झाली, वर आठवड्याला इंजेक्शन. एखाद्याला शंका आली आणि त्याने गोळी थांबवली, तरी पुढचे काही आठवडे त्रास वाढू शकतो. तो बिचारा समजतो, गोळी बंद केली म्हणूनच बिघडले, आणि पुन्हा दुकानाची पायरी चढतो. या चक्रातून माणसाला बाहेर काढण्याची जबाबदारी ज्यांची, तेच त्याला आत ढकलत आहेत.

कंपन्या म्हणतील, आमच्या गोळीत तीनच मिलिग्रॅम आहे. बऱ्याच गोळ्यांत तेवढेच असते, हे आम्हीही मान्य करतो. पण ताकदीच्या एका इंजेक्शनात शंभर मिलिग्रॅम असते. मुलाने अमेरिकेहून येताना बॅगेत घालून आणलेल्या बी-कॉम्प्लेक्सच्या डब्यातल्या एकेका गोळीत पन्नास किंवा शंभर असते. एकाच घरात नसांची गोळी, केसांची गोळी, मल्टिव्हिटॅमिन आणि तो डबा असे चार वाटांनी एकच द्रव्य पोटात जात असते आणि त्याची बेरीज कोणी करत नाही. प्रत्येकाने आपापल्या गोळीपुरते हात झटकायचे, आणि नसा मात्र रुग्णाच्या जायच्या!

आणि हे कुठे घडते? ज्या शहराने या विषयावर देशाला शहाणपण शिकवले, त्या पुण्यात! रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन दशके ब-१२ च्या कमतरतेवर काम केले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पुणे परिसरातल्या दोनतृतीयांश पुरुषांत ब-१२ कमी निघाले. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण आणखी जास्त होते. म्हणजे मुंग्यांचे एक खरे कारण इथल्या शाकाहारी ताटात आहे. ते रक्ताच्या तपासणीत कळते, आणि ब-१२ देऊन बहुतेकांचा त्रास आवरता येतो. पुण्याजवळच्या गावांत तरुण मुलामुलींना याच मंडळींनी रोज किती ब-१२ दिले? दोन मायक्रोग्रॅम! आणि दुकानातल्या गोळीवर आकडा असतो पंधराशेचा. ब-१२ चा एवढा मारा नसांना ब-६ सारखा बाधत नाही, हे खरे. पण त्याच पट्टीत ब-६ आणि फोलिक ॲसिड कशासाठी कोंबले आहे, याचे उत्तर कंपन्यांनी द्यावे.

फोलिक ॲसिडची गोष्ट तर आणखी गंभीर आहे. ब-१२ कमी असलेल्या माणसाला नुसते फोलिक ॲसिड भरपूर दिले तर रक्त सुधारलेले दिसते, आणि आत नसांची हानी चालूच राहते. २००८ मध्ये याज्ञिकांच्या गटाने दाखवून दिले की गरोदरपणात ज्या मातांचे फोलेट जास्त आणि ब-१२ कमी होते, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक होती. मधुमेहाची वाट ती हीच. असे असूनही गरोदर बाईच्या हातात सरकारकडून पडणाऱ्या गोळीत लोह आहे, फोलिक ॲसिड आहे आणि ब-१२ नाही. पुण्याने पुरावा दिला, दिल्लीने तो वाचायचेही कष्ट घेतले नाहीत काय?

करोनाच्या काळात झिंक आणि ड जीवनसत्त्वाची जी लाट आली, तिने हाच बेजबाबदारपणा घरोघरी नेला. झिंक महिनोन्महिने जास्त घेतले की शरीरातले तांबे घटते आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू बिघडतो. पुन्हा बधिर पाय, पुन्हा गेलेला तोल. ड जीवनसत्त्वाची रोजची गरज ६०० युनिट. साठ हजार युनिटची कॅप्सूल आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. चिठ्ठीवर तेवढे स्पष्ट लिहिलेले नसले की रुग्ण ती रोज घेतो. रक्तातले कॅल्शियम चढते, उलट्या, बद्धकोष्ठ, भ्रम आणि शेवटी मूत्रपिंड. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, त्यामुळे चूक निस्तरायला महिने लागतात.

आता अन्न व औषध प्रशासनाला विचारतो. एकच जीवनसत्त्व एका खोक्यात औषध म्हणून १९४० च्या कायद्याखाली विकले जाते, शेजारच्या खोक्यात अन्नपूरक म्हणून २००६ च्या कायद्याखाली. इतर ठिकाणी एक खाते दुसऱ्याकडे बोट दाखवू शकेल. महाराष्ट्रात अन्न आणि औषध ही दोन्ही एकाच खात्याच्या ताब्यात आहेत! मग बोट कोणाकडे दाखवणार? पुण्यातल्या जिमखाली आणि मॉलमध्ये डबे थप्पी लावून विकले जातात. त्यांतल्या किती डब्यांतला माल तुम्ही प्रयोगशाळेत तपासला? आकडे जाहीर करा. केंद्राने २०२४ च्या ऑगस्टमध्ये १५६ मिश्र औषधांवर बंदी घातली, म्हणजे मनात आणले तर कारवाई होते.

डॉक्टरांनाही आम्ही सोडणार नाही. चिठ्ठीच्या शेवटी सवयीने लिहिलेली ताकदीची गोळी हा उपचार नव्हे, ती औषध कंपनीच्या एमआरची भीड आहे. डॉ. अनंत फडके आणि लोकविज्ञान चळवळीतली मंडळी याच पुण्यात अनावश्यक औषधांविरुद्ध वर्षानुवर्षे ओरडत आली. वैद्यकीय संघटनांनी त्यांचे किती ऐकले?

कोणी याचा विपरीत अर्थ काढू नये. क्षयाच्या रुग्णाला आयसोनियाझिडबरोबर ब-६ लागते, त्याने ते मुळीच सोडू नये. ब-१२ खरोखर कमी असलेल्याने इंजेक्शन जरूर घ्यावे. ज्याला मुंग्या येत आहेत त्याने घरातल्या सगळ्या पट्ट्या, सगळे डबे एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओतावेत आणि बेरीज करून मागावी. अपाय झाला असेल तर १८००-१८०-३०२४ या सरकारी क्रमांकावर नोंद करावी.

आमची मागणी स्पष्ट आहे. ब-६ असलेल्या प्रत्येक पट्टीवर आणि डब्यावर मात्रा ठळक छापा, आणि "मुंग्या किंवा बधिरपणा वाढल्यास हे तत्काळ थांबवा, डॉक्टरांना दाखवा" हा इशारा मराठीत छापा. जास्त मात्रेची गोळी आणि इंजेक्शन चिठ्ठीशिवाय विकणाऱ्याचा परवाना निलंबित करा. चिठ्ठीवर गोळी संपवण्याची तारीख लिहिणे डॉक्टरांना बंधनकारक करा. हे हुकूम काढायला नवे संशोधन लागत नाही, नवा आयोग लागत नाही. पुरावा चाळीस वर्षांपासून समोर आहे आणि पुण्यातल्या खात्याच्या कचेरीपासून पेठेतले पहिले मेडिकल फार लांब नाही. अधिकाऱ्यांनी उद्या सकाळी तिथूनच सुरुवात करावी.