नभोवाणीचे भवितव्य : साधन आणि वृत्तकक्ष

२३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले आणि आपल्या देशात संघटित नभोवाणीचा पाया घातला गेला. आज, जवळजवळ शंभर वर्षांनी, घरोघरी विचारले जाते : हाती मोबाईल असताना रेडिओ हवाच कशाला? ह्या प्रश्नाची दोन अंगे आहेत. एक प्रक्षेपणाच्या साधनाचे, दुसरे वृत्तकक्षाचे.

साधन बदलत आहे. आकाशवाणी आता मोबाईलवरही ऐकता येते. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्हज’ हे इंटरनेट व्यासपीठ सुरू केले. १९६९ पासून मनिलाहून आशियाई भाषांत बोलणाऱ्या ‘रेडिओ व्हेरितास एशिया’ने २०१८ साली लघुलहरी सोडून इंटरनेटची वाट धरली. नवा श्रोता मिळाला. मात्र ज्याच्याजवळ केवळ ट्रान्झिस्टर होता, त्याच्यापुरता तो आवाज थांबला.

वृत्तकक्षाचे महत्त्व पुण्याने दाखवून दिले. जून २०२३ मध्ये आकाशवाणी पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून ते काम छत्रपती संभाजीनगरकडे सोपविण्याचा निर्णय झाला. सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या बातम्यांची सवय असलेल्या श्रोत्यांनी व लोकप्रतिनिधींनी विरोध केला आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. बातम्या तशाही ऐकू आल्याच असत्या. लोकांना चिंता होती ती आपल्या भागातील बातमी गोळा करणाऱ्या, पारखणाऱ्या माणसांची.

आपल्या नावड्याचा विचार करा. शेजारी तळोज्याची औद्योगिक वसाहत, तेथे रसायनांचे कारखाने, भोवती वाढती वस्ती. उद्या वायुगळतीची वार्ता पसरली, तर व्हॉट्सॲपवर शंभर संदेश येतील. त्यांतला खरा कोणता? २६ जुलै २००५ च्या जलप्रलयात मुंबई परिसरातील वीज गेली, दूरध्वनी आणि मोबाईल सेवा कोलमडली. मोबाईलचे जाळे गर्दीने कोंडते. रेडिओच्या लहरी एक ऐको वा लाख ऐकोत, सारख्याच पोहोचतात.

म्हणून आम्हाला वाटते, इंटरनेटचे स्वागत करताना शासनाने मध्यमलहरी व एफ.एम. केंद्रे मोडीत काढू नयेत आणि मराठी वृत्तकक्षांतील रिक्त जागा राहू देऊ नयेत. वाचकहो, आपणही घरात सेलवर चालणारा एक रेडिओ ठेवावा आणि खातरजमा न केलेला संदेश पुढे धाडू नये.