दुधाचे दात : मुदतीची ठेव

‘दुधाचे दात पडणारच आहेत,’ ही समजूत अनेक घरांत आजही रुजलेली आहे. वस्तुतः दुधाच्या दाढा वयाच्या १० ते १२ वर्षांपर्यंत कायमच्या दातांची जागा राखतात. त्या अकाली गेल्यास पुढचे दात वाकडे येण्याचा संभव असतो.

खव्याच्या जिलबीसाठी प्रसिद्ध असलेल्या जबलपुरात मुलांना गोड वर्ज्य करणे व्यवहार्य नाही. मात्र ‘किती’ यापेक्षा ‘किती वेळा’ हे अधिक महत्त्वाचे. जिलबी जेवणाबरोबरच द्यावी. झोपताना दुधाची बाटली तोंडात ठेवू नये. ३ वर्षांखालील मुलांचे दात पालकांनी स्वतः, तांदळाच्या दाण्याएवढ्या फ्लोराइडयुक्त पेस्टने, दिवसातून २ वेळा घासावेत. पहिल्या वाढदिवसापर्यंत दंतवैद्यांना दाखवावे.

मुदतीपूर्वी मोडलेली ठेव तोट्याचीच ठरते.